दिव्यानीच्या दारातली फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागाची फळी आहे आणि माझं काम अडवणं हे आहे. दारात आडवं उभं राहायचं आणि एका लेकराला बाहेर जाऊ द्यायचं नाही, यात कसलं आलंय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. पण आमचं घर आलापल्लीच्या रस्त्याला अगदी लागून आहे. ओसरी संपली की डांबर सुरू होतं आणि त्या डांबरावरून माल भरलेले ट्रक दिवसभर धावत असतात. मला नावं ठेवण्याआधी जरा रस्त्याकडे बघा.

मला घडवलं मुखरूबाबांनी. ते गावातले सुतार. जंगलखात्याच्या डेपोतल्या लिलावातून आणलेल्या लाकडाची त्यांनी स्वतःसाठी बैलबंडी केली, तिच्या तळाला मी होते. कितीतरी हंगाम मी धानाचे भारे वाहिले. लोक माझ्यावर थाप मारून म्हणायचे, लाकूड असावं तर असं. मग गावात ट्रॅक्टर आले. बंडी मोडली. चाकं कुणा ढाबेवाल्यानं शोभेसाठी नेली आणि मी घरामागे गोवऱ्यांखाली जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर येऊन बसत, आणि कोंबड्या बसल्या की काय करतात ते सांगायला नको. फार वाईट दिवस होते ते.

मला तिथून बाहेर काढलं दिव्यानीनं. म्हणजे मुखरूबाबांच्या नातीनं. त्यांचा मुलगा निकेश आणि सून करिश्मा यांची ही पहिली लेक. एके दिवशी ती रांगत रांगत ओसरीच्या टोकाला पोचली आणि करिश्मानं धावत येऊन तिचा पाय धरला. त्याच दुपारी मुखरूबाबांनी मला शोधून काढलं. तोवर काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. तरी हातानं चाचपत त्यांनी मला रंधा मारला, कडा गोल केल्या, आणि कुसळ राहू नये म्हणून तळहात पुन्हापुन्हा फिरवून पाहिला. निकेशनं चौकटीला दोन्हीकडे खाचा पाडल्या. वरून सोडलं की मी त्यात घट्ट बसते.

तेव्हापासून दिव्यानीचं सगळं माझ्या अंगावर झालं. पहिले दोन दात तिनं माझ्या कडेवर परजले. वरणभाताचा हात पुसायला तिला मीच सापडते. ट्रक गेला की मला धरून ती ‘ढुर्र’ म्हणते. हा तिचा पहिला शब्द. आईचा नंबर नंतर लागला, याचं करिश्माला थोडं वाईट वाटलं होतं.

बोलू लागली, पण चालेना. शेजारच्या आशाबाईंचा नातू तिच्याच वयाचा. तो कोंबड्यांमागे पळायला लागला, तरी आमची दिव्यानी कडेवरच. करिश्मानं तेलानं पाय चोळले. हात धरून उभं करून पाहिलं, तर पोरगी पाय पोटाशी घेऊन लोंबकळायची. अंगणवाडीच्या मोनालीबाईंनी तिचे पाय वाकवून, दाबून तपासले. पाय चांगले आहेत, तिला खाली सोडत जा, असं त्यांनी सांगितलं. करिश्मानं मान हलवली. पण बाहेर ट्रक वाजला, की तिचे हात आपोआप पोरीला उचलायचे. येणारा जाणारा विचारायचा, अजून चालत नाही का. एवढंसं विचारणं, पण करिश्मा त्या दिवशी जेवायची नाही. पोटात असताना आपल्याच हातून काही चुकलं असेल, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि मित्रांनो, माझी पंचाईत बघा. मला माहीत होतं की दिव्यानी चालते!

तेंदूपत्त्याचे दिवस होते. करिश्मा आणि निकेश पहाटेच पानं तोडायला जंगलात जात. मागे पोरगी आत, मी दारात आणि मुखरूबाबा ओसरीवर मला पाठ टेकून बसलेले. आईबाप दिसेनासे झाले, की दिव्यानी माझी कड धरून उभी राहायची आणि एका खाचेकडून दुसरीकडे चालत जायची. पुन्हा परत. पडायची, उठायची. करिश्मा पानांचं ओझं घेऊन दारात दिसली, की बुडावर बसून दोन्ही हात वर करायची. आई उचलायची. उचलणार हे ठाऊक असल्यावर चालायचं कुणी? मुखरूबाबांकडे मात्र ती कधी हात करत नसे. दिसत नसल्यानं आपण तिला घेऊन पडू, या भीतीनं ते तिला उचलतच नसत.

एका दुपारी आशाबाईंनी बोलता बोलता म्हटलं, पोरीला फळीत कोंडून ठेवता, ती चालेल कशी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या गेल्यावर करिश्मा उठली, तिनं मला खाचेतून उपसलं आणि अंगणात फेकलं. दिव्यानी कडेवर भेदरून बघत होती.

मुखरूबाबा म्हणाले, “फळी लाव बाई. पोट्टी चालते. फळीले धरून चालते.”

“मामाजी, तुमाले दिसते तरी का?”

करिश्मा सासऱ्यांना बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मुखरूबाबांना राग आला नाही. निदान दिसला तरी नाही.

“दिसत नाई. पाठीले समजते,” ते म्हणाले. “तू इथी बस माह्या जागी. मांगं पाहू नोको. रडली तरी उचलू नोको.”

करिश्मानं मला पुन्हा खाचेत बसवलं. पोरीला आत खाली ठेवलं आणि मला पाठ टेकून, रस्त्याकडे तोंड करून बसली. दिव्यानी हात वर करून रडू लागली. असं रडली की माझंही लाकूड चिरतं की काय असं वाटलं. करिश्मानं पदर तोंडात धरला होता. तिची पाठ थरथरत होती, ते फक्त मला कळत होतं. एकदा ती अर्धी उठलीही. मुखरूबाबांनी नुसतं “बस” म्हटलं.

रडून रडून पोरगी दमली. हुंदके देत गप्प बसली. मग एक ट्रक गेला आणि तो बघायला ती माझी कड धरून उठली. ट्रक पुढे सरकला तशी तीही सरकली. तिचे चिकट तळवे आईच्या डाव्या खांद्यावर पडले, मग मानेवर, मग उजव्या खांद्यावर. करिश्मा दगडासारखी बसून राहिली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण मान तिनं वळवली नाही.

“मामाजी,” ती हळूच म्हणाली, “पोट्टी चालून राह्यली.”

“तेच त सांगून राह्यलो,” मुखरूबाबा म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरात रांगतं लेकरू असेल आणि बाहेर रस्ता, विहीर किंवा तळं असेल, तर दाराला फळी जरूर लावा. तिच्या कडा घासून घ्या, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, आणि काम झालं म्हणून तिला गोवऱ्यांखाली टाकू नका. पण फळीच्या आत लेकराला मोकळं सोडा. पडेल, रडेल. तुमचे हात शिवशिवतील, ते सांभाळा.

दुसऱ्या दिवशी करिश्मा जंगलातून आली तेव्हा दिव्यानी मला धरून उभी होती. आईला बघून खाली बसली आणि तिनं हात वर केले. करिश्मा मला ओलांडून आत आली, पोरीला टाळून पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दिव्यानीनं बराच वेळ वाट पाहिली. मग उठली, मला धरून उभी राहिली, आईकडे बघितलं आणि तिनं मला सोडलं.