शिकरण

स्पंज आज पुन्हा ठिबकत होता. डाव्या कानशिलावर रबरी पट्ट्याखाली दाबून बसवलेला तो ओला चौकोन—त्यातून मिठाच्या पाण्याचा एक थेंब सुटला, कानामागून मानेवर आणि मानेवरून सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिरला, आणि विद्याधरला शिसारी आली. किती जणांच्या डोक्यांवर बसून आला असेल हा… धुतात म्हणे. धुतात कसले! उजवा हात लुळा, मांडीवर नुसता पडून. आणि डावा पुसायला उचलावा तर तो कावेरीने प्रेमाने धरून ठेवलेला. हे प्रेमाने धरणं तर त्याला थेंबापेक्षाही नकोसं झालं होतं.

"स्वल्प मान सरळ करा की, अण्णा. मुंग्या आल्यागत होईल, घाबरायचं नाही. सरी? बरं?"

"हो," विद्याधर म्हणाला.

हा असला हो. गेल्या उन्हाळ्यात मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली आणि तोंडातले सगळे शब्द गेले, राहिला तो हा एक. तहान लागली का—हो. नाही लागली—तरी हो. बाकीचे शब्द आत जागच्या जागी आहेत, मला दिसतात, कपाटातल्या भांड्यांसारखे दिसतात, पण एखादा उचलून ओठांपर्यंत आणावा तर हा मेला लाचार हो आधीच पुढे होऊन हजर! आणि तोही कुणाच्या तोंडी? विमानांच्या कारखान्यात ज्याने उभी नोकरी सुटे भाग तपासण्यात काढली, ज्याच्या एका नकारावर अख्खा माल परत जायचा आणि भले भले इंजिनियर ज्याच्या टेबलाशी येऊन घाम पुसायचे, त्याच्या तोंडी.

कावेरी बेळगावकडची. मराठीतून बोलणं शिकवणारी म्हणून जितेंद्रने, त्याच्या मुलाने, शोधून काढलेली. डोक्याला हलकासा विजेचा प्रवाह द्यायचा आणि तो चालू असतानाच चित्रं दाखवून शब्द बोलवून घ्यायचे, अशी ही पद्धत. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं. आणखीही एक सांगितलं होतं—"अक्का, ह्यांचा हो म्हणजे हो असंलच असं नाही. एक शब्द अडकलाय, तोच येतोय." त्याच्या बायकोने, सुलभाने, मान डोलावली होती. आणि घरी पोचल्या पोचल्या विचारलं होतं, "शिकरण करू ना?"

शिकरण! लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या घरात केळं आलं नव्हतं. त्याला तो वासच सोसत नसे. सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळंसुद्धा तो बोटाने बाजूला सारायचा, आणि हे सुलभाला ठाऊक नाही म्हणता? पण इस्पितळात डॉक्टर म्हणाले मऊ काहीतरी द्या, तिने विचारलं, आणि ह्याच्या तोंडून… झालं. तेव्हापासून रोज. कुस्करलेल्या केळ्याचे ते बुळबुळीत गोळे, दुधावर तरंगणारे काळपट धागे, चमचा टाळूला लागताच घशाशी येणारा तो गोडसर उमाळा—आणि वर शेजारच्या महानंदाबाईंना कौतुकाने सांगणं: "आजाराने आवडच बदलली बघा ह्यांची. आता मागून खातात!"

मागून! मी?

बरं, शिकरणावरच थांबलं असतं तरी गिळलं असतं. जितेंद्र महिन्याभरापूर्वी आला, बूटसुद्धा न काढता पलंगाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "बाबा, हे येलहंक्याचं आपलं घर भाड्याने देऊन टाकू. तुम्ही दोघं एचएसआरला आमच्याकडे या. चालेल ना?" हो. त्या घराच्या पायरीवर बसून, वर न बघता, नुसत्या आवाजावरून विमान ओळखणं—तेवढं एकच आता त्याला पूर्वीसारखं जमत होतं. एचएसआरच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीसमोर दुसऱ्याच्या बाथरूमची खिडकी आहे. रविवारी टेम्पो येणार. म्हणजे रविवारच्या आत नको म्हणता यायला हवं. एकच शब्द, दोनच अक्षरं… ती आणायची, मग बाकीचे शब्द गेले खड्ड्यात.

कातडीखाली मुंग्या सुरू झाल्या. कावेरीने पहिलं चित्र धरलं. कप. "क…" ती तोंडाचा चंबू करून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. "हो." मग खुर्ची. "हो." छत्री. "हो." प्रत्येक हो ला ती "शाब्बास!" म्हणत होती, बालवाडीतल्या पोराला म्हणावं तसं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ त्याला कळत होती, पुसता येत नव्हती. स्वतःचीच किळस यायला लागली की माणसाने जायचं तरी कुठे?

मग तिने पुढचं चित्र धरलं. केळं. पिवळंधमक, साल अर्धी सोललेली.

पोटातून काहीतरी वर आलं. ओकारीच, असं आधी त्याला वाटलं. तोंड उघडलं गेलं, जीभ टाळूला चिकटून सुटली—

"न… को."

"नको न्हवं अण्णा, हे के… अय्यो!" कावेरी ताडकन उठली. "अक्का! अक्का, आत या! नवीन शब्द आला!"

बाहेरच्या बाकावरून सुलभा धावत आली. परत म्हणा, म्हणाली. त्याने म्हटलं. तिने तोंडावर हात धरला, तिचे डोळे भरून आले, आणि विद्याधरलाही क्षणभर भरून आलं—सुटलो! आता सांगता येईल.

पट्टा निघाला. कपाळ पुसून झालं. सुलभाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि तो वास खोलीभर झाला.

"नको," तो म्हणाला. स्पष्ट.

"ऐकलंस? ऐकलंस गं कावेरी?" म्हणत, हसत, तिने चमचा त्याच्या उघड्या तोंडात घातला.

गोळा जिभेवर बसला. तो तिच्याकडे पाहत राहिला. हिला कळत नाही? की कळतंय, आणि…? छे. तिचा चेहरा खरोखरच आनंदाने फुलला होता, आणि तेच जास्त ओंगळ होतं.

तोवर तिने फोन लावलाही होता. पडद्यावर जितेंद्र, मागे त्याचं ऑफिस. "बाबा! आई म्हणते नवीन शब्द आला! बरं ऐका, रविवारी सकाळी येतो टेम्पो घेऊन. तयार राहायचं, काय?"

विद्याधरने गोळा गिळला. सगळा जीव गोळा करून म्हणाला, "नको."

"वा! काय क्लिअर म्हणतायत! आई, परत म्हणायला सांग ना, रेकॉर्ड करतो."

"म्हणा हो," सुलभा म्हणाली. "जितूसाठी एकदा म्हणा."

"म्हणा की, अण्णा. छान बोलायलाय तुम्ही," कावेरी म्हणाली.

तिघं वाट पाहत होती. शब्द तिथेच होता, जिभेच्या टोकाशी, ताजा, हवा तेव्हा येईल असा. विद्याधरने ओठ मिटले. मग दात.

"दमले वाटतं," पडद्यावरून जितेंद्र म्हणाला. "असू दे. रविवारी ऐकतो." फोन बंद झाला. कावेरी तारा गुंडाळू लागली.

सुलभाने दुसरा चमचा भरून ओठांशी आणला. ओठ उघडले नाहीत. तिने चमच्याच्या कडेने हलकेच दाबून पाहिलं. नाहीत. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहणं सोडून डोळ्यांत पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ही मिटलेली जिवणी तिच्या ओळखीची होती. बहिणीच्या लग्नाहून ती दोन दिवस उशिरा परतली तेव्हाची. जितेंद्रने कारखान्यातली नोकरी नाकारली तेव्हाची. आठवडा-आठवडा चालायची.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, कावेरीला ऐकू जाऊ नये अशी. "अबोला धरलात का?"

ह्या एका प्रश्नाला हो हेच खरं उत्तर होतं. आणि ते नेहमीसारखं धावत आलं, पुढे होऊन दाराशी उभं राहिलं… विद्याधरने ते दातांमागे तसंच दाबून धरलं. बाहेर कुठेतरी वरून एक विमान गेलं, पण ते कोणतं हे त्याने ऐकलं नाही. तो सुलभाकडे पाहत होता. तिचा हात हवेतच होता. चमच्यावरून एक पांढरा थेंब त्याच्या सदऱ्यावर पडला.

पडू दे.