आईच्या टेकण्याचा डाग

आई गेली त्याला तीन आठवडे झाले होते आणि तिची भाड्याची खोली शनिवारी रिकामी करून द्यायची होती. पलंग, कपाट, शिलाई मशीन धाकट्याने टेम्पोत घालून नेलं. झाडून-पुसून घ्यायला थोरली मागे राहिली.

पलंग हलल्यावर भिंतीवरचा डाग एकदम नजरेत भरला. शेवटची सहा वर्षं आई तिथेच डोकं टेकून बसायची. केसांच्या तेलाचा, पिवळट काळा, परातीएवढा डाग. थोरली बघत राहिली. आत काहीच हललं नाही. "एकदा रडून घे गं, मोकळी होशील," असं मावशी रोज फोनवर बजावायची, औषधाची वेळ चुकल्यासारखी. थोरली "हो" म्हणायची आणि भाजी चिरायला घ्यायची.

तिने सोड्यात पाणी कालवून डागावर लेप थापला. थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसलं. फडकं पिवळं झालं, डाग तसाच. मग गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून पुन्हा. तिसऱ्या खेपेला डाग सुटू लागला. खांदा भरून आला तरी ती घासतच होती.

दुपारी धाकटा परत आला.

"ताई, अजून इथेच? राहू दे की तो डाग. मालक रंग देणारच आहेत."

"निघतोय."

"अगं पण..."

"निघतोय म्हटलं ना."

डाग निघाला खरा. पण तिथे लख्ख पांढरा गोल उरला आणि बाकीची भिंत त्याच्यापुढे कळकट दिसायला लागली.

"आता तर जास्तच उठून दिसतंय," म्हणत धाकटा हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, तो मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. थोरलीने ओला हात पदराला पुसून त्याच्या पाठीवर ठेवला. तिच्या मनात एवढंच आलं, की बादलीतलं पाणी गार होतंय.

तो शांत झाल्यावर तिने दुसरं फडकं पिळून त्याच्या हातात दिलं. "वरचं तू घे. माझा हात पोचत नाही."

भिंत धुऊन होते न होते तोच मालक आले. "अहो, कशाला एवढे कष्ट? सोमवारी रंगारी येतोय!"

"असू दे," थोरली म्हणाली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

घरी नवऱ्याने विचारलं, "आवरलं सगळं?"

"आवरलं."

ती जेवायला बसली. भूक नव्हती, तरी ताटात वाढलेलं सगळं तिने संपवलं.