ग्रीकांचा हस्तनियम

पटकथा-सल्लागारांनी लाल पेन उचललं आणि लेखिका खुर्चीत पुढे सरकली. निर्मात्याचा या गृहस्थांवर भारी विश्वास. त्यांनी मान हलवली नाही, तर चित्रपट गेलाच म्हणायचा. आणि गृहस्थांचं सगळं चालायचं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पंडिताच्या नावावर. नायकाचा घातक दोष? ग्रीक. पंचविसाव्या पानावर कलाटणी? तीही ग्रीकच.

"हे काय?" सल्लागार म्हणाले. "बाई तीन मिनिटं नुसती काजं करतेय. संवाद नाही, संघर्ष नाही. उडवा."

ती बाई म्हणजे लेखिकेची मावशी. शिवणकाम करून तिनेच हिला वाढवलं होतं. तोंडाने ती फारशी बोलायचीच नाही. तो प्रसंग उडाला की मावशीच उडाली, आणि ते लेखिकेला सहन होणारं नव्हतं.

त्या पंडिताचं पुस्तक तिने आदल्याच आठवड्यात वाचून काढलं होतं. एवढंसं पुस्तक, आणि त्यात पंचविसाव्या पानाचा उल्लेख औषधालाही नव्हता.

"पण सर," ती भोळा चेहरा करून म्हणाली, "ग्रीकांचा हस्तनियम आहे ना? कलाटणीआधी पात्राच्या हातांना काम हवंच."

हा नियम तिने त्याच क्षणी जन्माला घातला होता. सल्लागार जरा घुटमळले. वाचलेलं नाही, हे कबूल कोण करणार?

"अर्थात! हस्तनियम!" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुमची परीक्षाच बघत होतो."

चित्रपट झाला. मावशीने पहिल्या खेळाला डोळे पुसले, वर "एक काज वाकडं आलंय" असंही सुनावलं.

पुढची पटकथा लेखिकेने काकांवर लिहिली. काका म्हणजे जन्मभर हातावर हात ठेवून बसलेला माणूस; घराला आग लागली तरी बसल्या जागेवरून "पाणी आणा रे कुणीतरी" म्हणणारा. सगळी गंमत तीच होती. पटकथा परत आली ती लाल शेऱ्यांनी माखून: हात रिकामे, हात रिकामे. एव्हाना सल्लागारांच्या कार्यशाळेत हस्तनियमाचा स्वतंत्र तास होता.

"सर, असा नियमच नाही हो! मी तेव्हा थाप मारली होती."

सल्लागार मायेने हसले. "तुम्ही मूळ ग्रंथ वाचलेला दिसत नाही."

शेवटी पडद्यावरचे काका चित्रपटभर शेंगा सोलत राहिले. खेळ संपला, तरी खरे काका खुर्चीतून हलले नाहीत.

"भलताच कामसू माणूस," ते पुतणीला म्हणाले. "कोण गं हा?"