ओवाळून टाकलेली कोंबडी

आप्पासोंनी ती कोंबडी ओवाळून टाकली जेठाच्या अवसेला, दिवेलागणीच्या वेळी. टाकल्यावर मागं वळून बघायचं नसतं, म्हणून त्यांनी बघितलं नाही. देवऋषी आकारामानं सांगितलेलं ते तंतोतंत पाळत. डॉक्टरनं सोडायला सांगितलेली तंबाखू सोडायला मात्र त्यांना कधी सवड झाली नव्हती.

कडेगावपासून तीन मैलांवरचं ते गाव. नव्वद सालानंतर तिथं दोन गोष्टी एकदम वाढल्या, घरांवरच्या डिशच्या छत्र्या आणि देवऋषी. आप्पासोंच्या घरी दोन्हींची सोय होती. पंच्याण्णव साली ते सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले. निकालाच्या मिरवणुकीसाठी त्यांनी कोल्हापूरहून फेटा मागवला आणि मग पडले. का पडले हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माणूस कुणाच्या मयताला गेला नव्हता, कुणाच्या बारशाला गेला नव्हता, आणि मतं मागायला मात्र दारोदार पाया पडत फिरला होता. पण आकारामानं सुपात जोंधळे टाकून भलतंच काढलं. "घराला बाहेरचं लागलंय. उलट्या पिसांची काळी कोंबडी घरावनं ओवाळून तिकटीवर सोडा, म्हंजी उतरंल."

उताऱ्याची कोंबडी बाजारातून आणायची असते. घरची कुणी टाकत नाही, कारण घरची कोंबडी घर ओळखते. जुन्या बायकांना हे पाठ होतं. पण आप्पासोंच्या खुराड्यात उलट्या पिसांची काळी तलंग आयतीच होती, नुकती अंड्यावर आलेली.

"आवं, घरची सोडू न्हाई म्हणत्यात," त्यांची बायको हौसाबाई म्हणाली.

"घरची काय आन् बाजारची काय, बाधेला कळतंय व्हय?"

तरी मनात धाकधूक होतीच. म्हणून त्यांनी गावाबाहेर तीन वाटा फुटतात त्या तिकटीवरच्या बाभळीच्या खुंटाला कोंबडीचा पाय सुतळीनं घट्ट बांधला. बाधा जावी म्हणून कोंबडी सोडायची आणि ती कुठं जाऊ नये म्हणून बांधायची! असल्या अकलेला मतं कमी पडली यात नवल ते काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन भामाबाई त्या वाटेनं निघाली होती. बौद्धवाड्यातली, साठीला टेकलेली विधवा बाई; अंगानं काटकुळी, जिभेनं भरलेली. खुंटाशी काहीतरी फडफडलं म्हणून ती थांबली. रात्री कुत्र्यानं शेपटीची पिसं उपटली होती. सुटायच्या धडपडीत सुतळीपाशीच कोंबडीचा पाय मोडला होता आणि भलत्याच बाजूला लोंबत होता. आजूबाजूला हळदकुंकवाचा भात, कापलेलं लिंबू. भामाबाईनं कोंबडी ओळखली आणि गाठही ओळखली. आप्पासोंच्या गोठ्यात म्हशींची दावी अशीच बांधलेली असत, जीव गेला तरी सुटू नयेत अशी.

दुधाची किटली लावून सायकलवरून चाललेला सयाजी, आप्पासोंचा गडी, रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला गेला आणि तिथून ओरडला, "मावशे, हात लावू नगंस! उतारा हाय त्यो!"

"मग तू लांबनंच जा बाबा. तुझी सायकल लय करकरती, बाधा दचकायची."

तो गेला. भामाबाई मात्र तिथंच उभी राहिली. बाधेला ती भीत नव्हती. तिला आडवा आला तो सासऱ्याचा शब्द.

तिचा सासरा केरू. त्याच्या काळी गावाचा उतारा उचलायचं काम वस्तीच्याच गळ्यात होतं. मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढायचा, ओवाळलेला भात, नारळ, कोंबडी उचलायची, गावाची पीडा आपल्या घरात न्यायची, आणि गाव त्याला म्हणणार मान! छप्पन्न साली दीक्षा घेतली त्या दिवशी केरूनं ते काम सोडलं. पुढच्याच आखाडात गावकरी बोलवायला आले, तेव्हा नवी नवरी असलेल्या भामाबाईनं पदराआडून सासऱ्याचं बोलणं ऐकलं होतं. "गावानं आता आपली पीडा आपल्याच हातानं उचलावी." गावानं सहा महिने वस्तीचं सरपण तोडलं, पाणी तोडलं, कामं तोडली. लेकरांना चिंचेचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. पण केरू गेला नाही, आणि त्याच्यानंतरही वस्तीतलं कुणी गेलं नाही.

आता कोंबडी उचलावी तर तो शब्द मोडतो, आणि ठेवावी तर कुत्रं पुन्हा येणार. कोंबडीनं चोच उघडली, पण आवाज निघाला नाही.

"भात तुझ्या बाधेला खाऊ दे आप्पासो, लिंबू तूच चोख," भामाबाई मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं. "मी उतारा उचलंना. पाय मोडल्याला जीव उचलतीया." खुरप्यानं सुतळी कापून तिनं कोंबडी पदरात घेतली.

घरी आल्यावर तिनं कोमट पाण्यानं जखम धुतली, गोड्या तेलात हळद कालवून लावली. बांबूच्या दोन कामट्या गुळगुळीत तासल्या, पाय सरळ धरून त्या दोन्ही अंगांनी बसवल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधल्या. गाठ अशी, की खाली करंगळी जावी. पण कोंबडी ती कोंबडीच. पाय टेकायला बघायची आणि आडवी पडायची. तेव्हा भामाबाईनं पीठ चाळायच्या जुन्या फडक्याला दोन भोकं पाडली, त्यातून पाय खाली सोडले आणि कोंबडीला तुळईला झोळीत टांगलं. समोर ज्वारीचा भरडा, पाण्याची वाटी.

"आराम खुर्चीत बसीवलीया," शेजारणी हसायच्या. "आखाड आलाय भामाबाई, रस्सा कवा?"

"तुमचं दात पडल्यावर."

शनिवारी सांगलीहून लेक आला. राजरत्न तिथं एका कचेरीत कारकून होता. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं पुस्तकासारखं. घरात शिरतानाच कोंबडी डोक्याला लागली.

"आई, स्टँडवरच ऐकलं मी. उतारा उचललास तू? आजोबांनी ज्या गोष्टीसाठी एवढं सोसलं, तीच तू केलीस?"

"पाय मोडला हुता तिचा."

"लोकांना पाय दिसत नाही. लोक म्हणणार, वस्ती पुन्हा उतारे उचलायला लागली. आणि महिन्यानं विहारात माझं भाषण आहे."

"कशावर?"

राजरत्न जरा घुटमळला. "अंधश्रद्धेवर."

भामाबाईला एवढं हसू आलं, की तिला चुलीपुढं बसावं लागलं. "आरं, त्यो आप्पासो बाधेला भितोय. तू लोकांला भितूस. तुमा दोघांत कोंबडी तेवढी शाणी, तिला भरडा दिसला की ती खाती."

"कापून टाक, नाहीतर बाजारात दे. पण माझ्या भाषणाआधी ती या घरात नको."

त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. सासऱ्याचा शब्द तिलाही बोचत होता. तिनं उठून झोळीची दोरी तेवढी आवळली.

चौथ्या आठवड्यात तिनं कामट्या सोडल्या. पाय जुळला होता, किंचित वाकडा, पण टेकत होता. कोंबडी अंगणात चार पावलं चालली, पडली, उठली, आणि एखाद्या सावकारणीसारखी लंगडत उकिरड्याकडं गेली. भामाबाईनं त्या दिवशी कामाला दांडी मारली. घरात बोलायला कुणी नसलेल्या बाईला महिनाभर ऐकून घेणारं कुणीतरी लाभलं होतं. तिची मेहनत फुकट गेली नव्हती.

आणि भाषणाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, कोंबडी गायब झाली.

भामाबाई उकिरडे, कुंपणं, ओढ्याकाठची झुडपं शोधत फिरली. तिकडं आप्पासोंच्या माजघरात हौसाबाईची किंकाळी उठली. उलट्या पिसांची काळी कोंबडी लंगडत लंगडत उंबरा ओलांडून आली होती. आपली जुनी अंड्याची जागा, म्हणजे माजघरातल्या ट्रंकेवरचं टोपलं, तिनं बरोबर हुडकलं. त्या टोपल्यात आता गुलालाविना राहिलेला तो कोल्हापुरी फेटा ठेवलेला होता. कोंबडी त्यात ऐसपैस बसली, अंडं घातलं आणि सगळ्या आळीला ओरडून सांगितलं.

आप्पासो भिंतीला टेकले. टाकलेली बाधा चालत परत आली होती, आणि येऊन थेट फेट्यात बसली होती. सयाजी हात लावेना. मुलगे रानात पळाले. आकारामाला बोलावलं तर तो दारातूनच मागं सरला. गावचं भूत उतरवणारा हा गडी कोंबडीपुढं घामाघूम झाला. "जिनं उचलली तिनंच न्यायची. मानाचा नारळ, भात द्या आन् न्यायला लावा."

सांजच्याला सयाजी निरोप घेऊन आला. भामाबाईचा जीव भांड्यात पडला, पण तोंडावर तिनं ते दिसू दिलं नाही. "माजी कोंबडी तिथं हाय व्हय? बरं झालं घावली. आणून द्या म्हणावं."

ती रात्रभर तळमळली. त्या घरात कुणी दाणा टाकला असेल का? पाय कच्चा आहे, कुणी काठी मारली तर? दहा पावलांवर जाऊन उचलून आणणं एवढंच तर काम. पण तेवढंच करायचं नाही म्हणून केरूनं लेकरांना चिंचेचा पाला खाऊ घातला होता.

रविवारी विहारापुढं वस्ती जमली होती. राजरत्न कागद हातात घेऊन पायरीवर उभा होता, तोच आप्पासो वाटेवर आले. वस्तीत त्यांनी निवडणुकीनंतर पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. हातात टोपली, टोपलीत नारळ, भात, लिंबू.

"भामे, चल, घिऊन जा ती. पूर्वीपास्नं तुमचाच मान हाय ह्यो."

राजरत्न घाईनं खाली उतरला आणि आईच्या कानाशी लागला. "आई, वाद नको. मागच्या वाटेनं जा आणि गुपचूप घेऊन ये. नाहीतरी तुला ती हवीच आहे."

भामाबाईनं लेकाकडं बघितलं. त्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"तुजा कागद ओला हुईल, घाम पूस," ती म्हणाली आणि आप्पासोंकडं वळली. "तुमच्या मानाची कोंबडी मी वळखत न्हाई. माजी एक कोंबडी चुकून तुमच्या घरात शिरलीया. शेजाऱ्याची कोंबडी शेजारी आणून देतोय, तशी आणून द्या. नारळ नगं, भात नगं. नुसती कोंबडी."

"मी? मी तिला हात लावू?"

"सुतळी बांधताना कुणाचा हात हुता?"

मागं कुणीतरी फसकन हसलं. आप्पासोंचा चेहरा काळवंडला. "आणत न्हाई जा. काठीनं मारून उकिरड्यावर फेकीन."

भामाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "मारा की. पन उताऱ्याची कोंबडी घरात मारली तर घराचं काय हुतंय, ते आकारामाला आदी इचारून घ्या. मला काय, माजा तुमच्या बाधेवर इस्वास न्हाई. तुमचाच हाय."

आप्पासो टोपली घेऊन तसेच माघारी गेले.

भाषण सुरू झालं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. राजरत्नही दुसऱ्या पानावर अडखळला, कारण सगळ्यांच्या माना गल्लीकडं वळल्या होत्या. भर उन्हात, दोन्ही हात पुढं ताणून, मान तिसरीकडं वळवून आप्पासो येत होते. हातात कोल्हापुरी फेट्यात गुंडाळलेली कोंबडी. फेट्यातून नुसती मान बाहेर, आणि ती मान गावाकडं असं बघत होती, जणू निवडणूक तीच जिंकली होती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका उभ्या होत्या. मिरवणूक निघाली ती अशी.

"असं धरत्यात व्हय?" भामाबाई पुढं झाली. "पाय दाबलाय न्हवं का. खालनं धरा."

"घे गं बाई... भामाबाई, घ्या," आप्पासो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तिचं पूर्ण नाव निघालं होतं. ते भीतीनं निघालं, पण निघालं.

तिनं कोंबडी घेतली, फेटा उलगडून त्यांच्या खांद्यावर टाकला. ते गेले, मागं वळून न बघता. आकारामाची शिकवण पक्की होती.

भामाबाई तिथंच पायरीवर बसली. तिनं पायाचं हाड बोटांनी चाचपलं. जुळलेलं होतं तसंच होतं. कोंबडी तिच्या मांडीवर चोच आपटत भरडा शोधायला लागली. राजरत्न कागद धरून तसाच उभा होता.

"वाच की मग," ती म्हणाली. "न्हाईतर ऱ्हाऊ दे. आदी वाटीत पानी आण. कालधरनं तान्हेली हाय बिचारी."

राजरत्ननं कागद खिशात घातला आणि तो पाणी आणायला गेला.