पुंडलिकरावाची पऱ्हाटी

चिंचढान्यात पुंडलिकरावाच्या घराला तीन भिंती विटांच्या होत्या आणि चौथी अब्रूची. पश्चिमेच्या भिंतीला टेकून पऱ्हाटीची गंजी उभी असायची. कापूस वेचून झाला की उपटलेली वाळकी झाडं, दीड माणूस उंच, कौलांना खांदा लावून. दर माघात नवी पऱ्हाटी जुनीच्या डोक्यावर चढायची. चुलीत जायची त्याच्या दुप्पट यायची. कमी कर म्हटलं तर पुंडलिकराव ऐकणारा नव्हता, कारण कापूस विकून जातो, तो कोणाला दिसत नाही. गंजी वर्षभर दिसते. ज्याची गंजी मोठी त्याचा कापूस मोठा, हे सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कोणत्याही सोयऱ्याला शिकवावं लागत नाही.

त्या भिंतीपासून पन्नास पावलांवर जंगल. सागाचं, मोहाचं, पळसाचं. फाल्गुन लागला की पायाखाली पापड मोडल्यासारखं वाजणारं.

मागच्या चैत्रात त्या जंगलातून आग उतरली आणि वाळल्या गवतावरून घराकडे निघाली. ऐनवेळी वारा फिरला. गाव म्हणालं, देवानं वाचवलं. कलाबाईनं, म्हणजे पुंडलिकरावाच्या बायकोनं, दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या गवतापासून भिंतीपर्यंत पावलं मोजली. बत्तीस भरली. तेव्हापासून पश्चिमेकडून करपल्याचा वास आला की तिचा घास हातातच राहायचा.

मग वनखात्याचे साहेब लोक आले. जीप आली, बॅनर आलं. बॅनरवर हरणाचं चित्र होतं, त्या जातीचं हरीण या जंगलात कोणाच्या आजोबानंही पाहिलेलं नव्हतं. फोटो झाला, चहा झाला. गावातल्या दहा पोरापोरींना दोन दिवसांचं शिक्षण देऊन एकेक टोपी आणि एकेक शिटी दिली. टँकर नाही, पाईप नाही, शिटी. आग आली की शिटी वाजवायची आणि आगीनं शरमून परत जायचं, असा काहीतरी बेत असावा.

त्या दहांत पुंडलिकरावाची नात हिमानी होती. तिनं मात्र त्या दोन दिवसांतून कामाची एक गोष्ट घरी आणली.

"आजी, चालत येते त्या आगीचं एवढं भेव नाई," ती म्हणाली. "घर पेटते ते उडून आलेल्या ठिणगीनं. ठिणगीले बसाले जागाच नाई ठेवली, तर थे करन काय?"

कलाबाईनं पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं. बसायला जागा कसली, तिथं ठिणगीसाठी गादी टाकून लोड लावून ठेवला होता.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "थे पऱ्हाटी तेथून उचला. वावरात नेऊन टाका."

"काहून?"

"आग लागन."

"पन्नास वर्सात लागली का?"

"मरन बी तुमाले पन्नास वर्सात एकदा नाई आलं. मंग येनारच नाई का?"

पुंडलिकरावानं सुपारी कातरली. "होळी झाल्यावर आठव्या दिवशी पांढुर्ण्याचे पाहुने येऊन राहिले हिमानीले पाहाले. मोकळी भिंत पाहून काय म्हनतीन? या बुढ्याच्या घरी कापूस होते का नाई?"

"पाहुने पोरगी पाहाले येऊन राहिले का पऱ्हाटी?"

"दोनी."

ती ग्रामसभेतही उठून बोलली. शेजारचा रामाजी, ज्याची गंजी गावात दुसऱ्या नंबरची, तो म्हणाला, "वहिनी, आधी पैल्या नंबरवाल्याले उचलू द्या. मंग माई उचलतो." सभा हसली. माणसांची सभा एकदा हसली की तो विषय संपला, असा ठराव कोणत्याही कागदावर नसतो, पण सगळ्या गावांत तोच चालतो.

कलाबाई घरी आली ती चुलीपुढे बसून राहिली. आणि तिथं तिला होळी आठवली.

होळीला चोरी चालते. लाकूड, गोवऱ्या, मोडकी खाट, जे हाताला लागेल ते पोट्टे उचलतात आणि होळीच्या ढिगावर टाकतात. एकदा ढिगावर पडलं की परत मागायचं नाही, चोराचं नाव विचारायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. जो रागावला त्याच्या घरात वर्षभर भांडण. हा कायदा पुंडलिकरावानंच गावाला तोंडपाठ करून दिलेला. तरुणपणी त्यानं रामाजीच्या बापाच्या नव्या बंडीचं जू होळीत टाकलं होतं, आणि ती कथा तो दर फाल्गुनात सांगायचा, मिश्यांवर हात फिरवत.

कलाबाई उठली आणि रामाजीच्या सुनेकडे गेली. सुचिता तिचं नाव. सासरा सोडून घरातलं सगळं ती चालवायची, ट्रॅक्टरसुद्धा.

"तुया सासऱ्याची पऱ्हाटी म्या चोरतो," कलाबाई म्हणाली. "तू माई चोर."

सुचितानं क्षणभर पाहिलं. "आपापली काहून नाई उचलायची, काकू?"

"आपलीच उचलली तर थे चोरी होते का? थे तर काम झालं."

जंगलाच्या कडेला नऊ घरं होती. नऊ बायांनी शब्द दिला: कोणी स्वतःच्या घरच्या काडीला हात लावायचा नाही, शेजारणीची एक काडी ठेवायची नाही.

सौंसरच्या बाजाराचा दिवस ठरला. पुंडलिकरावाला पाहुण्यांसाठी नवे जोडे घ्यायचे होते. तो रामाजीला घेऊन सकाळच्या बसनं गेला. बाकीचेही कोणी बाजारात, कोणी संत्र्याच्या बगीच्यात. बसचा धूर खाली बसायच्या आत ट्रॅक्टर सुरू झाला.

अकरा खेपा झाल्या. गंजीखालून दोन साप निघाले, एक हरवलेली कढई निघाली, आणि चार वर्षांपूर्वी जिच्या चोरीचा आळ शेतावर राबणाऱ्या एका गरीब सालदारावर आला होता ती पितळी घागर निघाली. घागर सगळ्या बायांच्या हातून फिरली. कलाबाईनं ती पदरानं पुसली. "आज संध्याकाळी थ्या सालदाराच्या घरी जाऊन, ज्यायनं आळ घेतला थे मालक पाय धरतीन," ती म्हणाली. "नाई धरले तर म्या पाहून घेतो." मग पुन्हा कामाला लागल्या. होळीला गवतही लागतं, म्हणून घरं आणि जंगल यांच्यामधलं वाळलं गवत वीस हात रुंद, नऊ घरांच्या लांबीभर कापून, खरवडून नेलं. माती उघडी पडली.

सगळं होळीचा ढीग म्हणून रामाजीच्या नांगरलेल्या वावरात, घरांपासून नव्वद पावलांवर जाऊन पडलं.

दुपारी पुंडलिकराव जोड्यांचा खोका काखेत घेऊन आला आणि अंगणात थांबला. आधी त्याला वाटलं आपण भलत्याच घरी आलो. कलाबाई ओट्यावर लसूण सोलत होती.

"अवं, पऱ्हाटी कुठं गेली?"

"चोरी झाली."

"कोनं केली?"

"होळीच्या चोराचं नाव इचारत नसतात. तुमीच सांगता."

पुंडलिकरावाचं नाक फुललं, कान लाल झाले. रागवायची बंदी होती. त्यानं खोका खाली ठेवला, पुन्हा उचलला. तेवढ्यात पलीकडून रामाजी ओरडला, "पुंडलिकराव, माई बी गेली हो, सफाचट."

"तुई बी?" पुंडलिकरावाचा चेहरा जरा निवळला. "मंग ठीक हाय."

तरी तो वावरात गेलाच. नऊ घरची पऱ्हाटी एकात एक मिसळून टेकडीसारखी पडली होती. त्यानं तिला दोन फेऱ्या मारल्या. "याच्यातली माई कोन्ती?"

"पऱ्हाटीवर नाव नसते, आबाजी," हिमानी म्हणाली.

होळीला कलाबाईनं सगळा ढीग पेटवू दिला नाही. घरटी एक पेंढी वेगळी काढून दूर पेटवली. बगीच्याच्या फवारणीचा पंप, दोनशे लिटरचा ड्रम भरून, ट्रॅक्टरवर उभा ठेवला. रामाजीनं कायदा काढला, "जळली नाई थे परत मालकाची." कलाबाईनं तिथल्या तिथं नवा कायदा केला: चुलीसाठी हवी तर न्या, पण एका वेळी डोक्यावर मावेल तेवढीच. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. डोक्यावर पऱ्हाटी वाहणारा त्या पुरुषांत एकही नव्हता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

आठव्या दिवशी पाहुणे आले. पांढुर्ण्याचे विजयराव आणि त्यांचा मुलगा अभिजीत, शाळेत मास्तर. पुंडलिकराव नव्या जोड्यांत ताठ उभा होता, पण मोकळ्या भिंतीसमोर उभा होता, आणि शर्टाची गुंडी तुटलेला माणूस जसा त्यावर हात धरतो तसा तो त्या भिंतीपुढून हलत नव्हता.

पोहे बशीत पडले आणि जंगलातून धूर निघाला.

कोणीतरी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला होता. दरवर्षी पेटवतात. फुलं दिसतात, जंगल जातं. त्याचं नाव गावाला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक आहे, एवढं पुरे.

हिमानी पाहुण्यांसमोरचा पाट सोडून उठली, आत गेली, आणि टोपी घालून शिटी वाजवत बाहेर आली. शिटी कामाला आली, हे कबूल केलं पाहिजे. नऊ घरांतून नऊ बाया पळसाच्या हिरव्या फांद्या घेऊन निघाल्या. सुचितानं ट्रॅक्टर आणला. हिमानीनं पंपाची बंदूक अभिजीतच्या हातात दिली. "मास्तर, पानी जमिनीवर मारा. ज्वाळेवर मारून काई फायदा नाई."

"बाबा, बशी धरा," अभिजीत म्हणाला आणि धावला.

विजयरावांनी दोन्ही बशा ओट्यावर ठेवल्या आणि धोतर खोचलं. "गोटमारीच्या गावचे आहोत, पुंडलिकराव, दरसाल जत्रेत दगडं खातो. इथं तर समोरून दगड बी येत नाईत."

आग गवतावरून आली, खरवडलेल्या मातीपाशी आली आणि खायला काही दिसेना म्हणून कडेकडेनं चाचपडत राहिली. बायांनी तिला फांद्यांनी बडवलं. अभिजीत आधी हिमानीला, मग सुचिताला आणि शेवटी जमिनीला भिजवायला शिकला. पण वारा होताच. ठिणग्या वरून उडाल्या, घरांच्या दिशेनं.

एक पुंडलिकरावाच्या पश्चिमेच्या भिंतीशी पडली.

तो तिथंच उभा होता. जिथं वर्षानुवर्षांची वाळकी पऱ्हाटी कौलांना टेकून असायची, तिथं साफ जमिनीवर बोराएवढा निखारा लालचुटूक होऊन पडला. पुंडलिकरावानं त्याच्याकडे पाहिलं. मग उजवा पाय त्याच्यावर ठेवला आणि दाबला. चर्र झालं. पाय उचलला तर खाली काळा ठिपका, आणि नव्या जोड्याच्या तळाला भोक. त्यानं वर कौलांकडे पाहिलं, खाली ठिपक्याकडे पाहिलं. बराच वेळ तो तेवढंच करत होता.

कलाबाईनं वीस हातांवरून ते पाहिलं. तिच्या हातातली फांदी खाली आली. वर्षभरानंतर तिनं धुराच्या वासात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला, आणि ठसका लागला म्हणून हसली.

आग विझल्यावर सगळे काळी तोंडं घेऊन ओट्यावर बसले. पोहे गार झाले होते, तरी संपले.

"पुंडलिकराव," विजयराव म्हणाले, "जंगलाकडची भिंत एवढी साफ कोनं ठेवली? ज्यानं ठेवली तो हुशार मानूस."

पुंडलिकरावानं मिश्यांवरून हात फिरवला. "म्याच."

खोटं बोलला. बायकोसमोर, नातीसमोर, नऊ साक्षीदारांसमोर, धडधडीत.

"मंग पऱ्हाटी कुठं ठेवता?"

पुंडलिकरावानं रामाजीच्या वावरातल्या, नऊ घरच्या टेकडीकडे बोट केलं. "थे काय. सारी आपलीच."

रामाजीला पोह्यातल्या शेंगदाण्याचा ठसका लागला. सुचिता सासऱ्याची पाठ चोळायला उठली, तोंडात पदर कोंबून.

कलाबाई रिकाम्या बशा गोळा करू लागली. हिमानी तिच्या कानाशी लागली, "आजी, आबाजी खोटं बोलून राहिले."

"बोलू दे माय. पऱ्हाटी तिकडं हाय ना?"

लग्न वैशाखात झालं. त्यापुढच्या माघात पुंडलिकरावानं पऱ्हाटी स्वतः नेऊन नांगरलेल्या वावरात रचली, आणि वर बांबूला पाटी लावली: पुंडलिकराव, चिंचढाना. रस्त्यावरून वाचता यावी एवढ्या अक्षरांत. आठ दिवसांत रामाजीची पाटी त्याहून मोठी लागली.

जोड्याचं भोक मात्र त्यानं कधी बुजवलं नाही. कोणी पाहुणा आला की तो उजवा जोडा काढतो, उलटा करतो आणि आग कशी विझवली ते सांगतो. दर खेपेला निखारा थोडा वाढतो. बोराचा लिंबाएवढा झाला, लिंबाचा संत्र्याएवढा झाला. कलाबाई आतून चहा आणते आणि ऐकून घेते. पश्चिमेच्या भिंतीला टेकून जी अब्रू उभी होती ती आता एका जोड्यात मावते, आणि तिला तेवढी जागा द्यायला कलाबाईची ना नाही.