वेंडेलनं तोडलेलं कुलूप

फिलाडेल्फियात नदीकाठच्या आमच्या शेडमध्ये एका युद्धनौकेचं पोट मांडून ठेवलंय. जनित्रं, मोटर, केबली, सगळं जमिनीवर. पूर्वी प्रॉपेलर फिरवायला वेगळं इंजिन आणि दिवे-रडारला वेगळी वीज असायची. आम्ही एकाच विजेवर सगळं चालवून दाखवणार होतो, आणि ते बघायला त्या दुपारी ॲडमिरल येणार होते.

सकाळी मोटरच्या कपाटात तांब्याचा एक सांधा तापून काळा पडलेला दिसला. मी मुख्य स्विच बंद करून त्याला माझं कुलूप घातलं, माझ्या नावाची लाल चिठ्ठी अडकवली आणि आत शिरले. आमच्याकडे ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. कुणी विसरून घरी गेला, तर त्याला घरून बोलावून आणतात. मी नवी असताना हे मला वेंडेल हासनंच शिकवलं. चाचणीचा प्रमुख तोच, आणि माझ्या लेकीचा गॉडफादर, बाप्तिस्म्याला तिला हातात घेणारा धर्मपिताही तोच.

सांधा आवळताना अचानक मानेला वारं लागलं. कपाटाचे पंखे सुरू झाले होते. कुलूप असेपर्यंत तेसुद्धा सुरू होत नाहीत, आणि त्यांच्या मागोमाग हजारो व्होल्ट येतात. मी कशी बाहेर पडले देव जाणे. आधी धावत जाऊन बंद करायचं लाल बटण ठोकलं. माझं कुलूप फरशीवर तुटून पडलं होतं.

"कुणी तोडलं हे?" मी किंचाळले.

"मी." वेंडेलचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रॉझ, शप्पथ, मला वाटलं तू कॉफीला गेलीस नि कुलूप विसरलीस. ॲडमिरल लवकर आले गं, गेटवर आहेत."

"मग हाक मारायला तोंड नव्हतं?"

"चुकलो. अगं, तुझ्याशी मी असं मुद्दाम करीन का?"

मला कीव आली. घाईत माणूस चुकतो, मीही चुकलेय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," मी म्हटलं. "वाचले ना."

त्याला इतकं हायसं वाटलं की तो बोलतच सुटला. "मी काय वेडा आहे का? म्हणून तर आधी नुसते पंखे लावले आणि थांबलो. म्हटलं, वारं लागलं की येईल बाहेर."

"कोण येईल बाहेर, वेंडेल?"

मी आत आहे हे त्याला माहीत होतं. ज्याच्या हातात मी माझं तान्हं पोर दिलं, त्यानंच केसानं गळा कापला होता, तोही ॲडमिरलना थांबावं लागू नये म्हणून.

बाहेर गाड्यांची दारं वाजली. वेंडेलनं माझा हात धरला.

"रॉझ," तो हळूच म्हणाला, "त्यांच्यासमोर नको ना. आपण घरचे आहोत."

मी हात सोडवून घेतला आणि दाराकडे निघाले, त्यांनाच सांगायला.