नऊशे माणसांचं जेवण

हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला गेली सहा वर्षं मी जेवण पुरवते. त्या कंपनीचा शेअर दोन वर्षांत आठशेवरून नव्वदवर आला होता. आमचे हे, हिंमतराव, रोज मोबाइलवर तोच बघत बसायचे. मातीमोल भावात सोनं म्हणायचे. पुतण्या विश्वजीत शिकलेला, तो म्हणाला, काका, ताळेबंद वाचल्याशिवाय हात लावू नका. यांनी त्याला उडवून लावलं. कागद काय, कोणीही रंगवतो. शितावरून भाताची परीक्षा. काकूच्या पोळ्या वाढल्या की कंपनी उठली समज.

आणि हे अगदीच खुळं नव्हतं, खोटं कशाला बोलू? गेल्या दिवाळीआधी जो तो घ्या घ्या म्हणत होता, तेव्हा माझी ऑर्डर साडेपाचशेवरून चारशेवर आली. हे थांबले. महिन्यात भाव निम्मा झाला. तेव्हापासून यांचा देवापेक्षा माझ्या पोळ्यांवर विश्वास.

पैसे मात्र यांचे नव्हते. माझी विधवा नणंद मैना, त्यांनी धायरीच्या सासरकडून भांडून मिळवलेले बावीस लाख भावाच्या हवाली केले होते. अकरा वर्षं आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतात वन्सं, आणि तिथेच झोपतात. त्यांना स्वतःची एक खोली हवी होती. थोडे पैसे कमी पडत होते. कुलूप मात्र आधीच आणून पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

सोमवारी कंपनीतून फोन आला. उद्या नऊशे माणसं, गोडासकट. माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! लगेच यांना सांगितलं. वन्सं हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लाटायला बसल्या. बाजार उघडताच यांनी सगळे बावीस लाख घातले.

दुपारी वाढताना बघते तर हॉल गच्च, पण कोणी बोलत नव्हतं. गुलाबजाम तसेच पडलेले. दाराशी टेबल मांडलं होतं आणि जेवून उठलेला प्रत्येक जण तिथे लॅपटॉप आणि गळ्यातलं कार्ड ठेवत होता. रोज ठेचा मागणाऱ्या ऋतिकाला मी विचारलं. ती म्हणाली, सगळ्यात मोठा ग्राहक गेला, पुण्याचं ऑफिस बंद. घरून काम करणाऱ्यांनाही सामान परत द्यायला बोलावलंय.

वाढायचं टाकून मी बाहेर आले. कसाबसा फोन लावला.

"अहो, विका. आत्ताच्या आत्ता."

"अर्धा तास विकतोय," ते म्हणाले. "घेणारा कोणी नाही."

मी घरी आले तर वन्सं परात घासत होत्या. उद्या किती लाटायच्या, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. आकडा मीच दिला होता, दुसऱ्या कोणावर ढकलणार? त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुसले.

"म्हणजे मी इथेच, वहिनी?"

"इथेच," मी म्हणाले.

त्यांनी डब्यामागचं कुलूप काढून माझ्या हातात दिलं. कोठीच्या दाराला होईल म्हणाल्या, आणि पुन्हा परात घासायला बसल्या.